लॉर्नाचा दीपस्तंभ

देवाला अभिषेक घालतानाही माणसाचा हात इतका हळुवार होत नाही, असं काहीतरी त्या शनिवारी सकाळी वॉटरशॉच्या चॅपलमागच्या हिरवळीवर चाललं होतं. पन्नाशी उलटलेले सात-आठ पुरुष गवतावर गुडघे टेकून बसले होते. चॅपलच्या आत हे गुडघे कधी वाकलेले कुणी पाहिले नव्हते. प्रत्येकापुढे एका जुन्या घरगुती कॉम्प्युटरचं पिवळं पडलेलं कवच होतं. ते त्याला ब्रशने पांढरं मलम फासत होते, वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळत होते आणि मग आभाळाकडे डोळे लावून उन्हाची वाट बघत होते. मलमाला ऊन लागलं की पिवळेपणा जातो आणि कवच कालच कारखान्यातून आल्यासारखं दिसतं, अशी त्यांची श्रद्धा. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या त्या खोऱ्यात उन्हाची वाट बघणं ही मुळातच मोठी श्रद्धा होती.

चॅपलच्या हॉलच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीतून लॉर्ना ऑर्मरॉड हे बघत होती. तिच्यासमोर रात्रभर भिजवलेले वाटाणे होते. दुपारी मीट-पाय, म्हणजे मांस भरून भट्टीत भाजलेली जाड पारी, आणि शिजवून घोटलेले वाटाणे असा बेत होता. चॅपलमध्ये कुणी काहीही भरवलं तरी बेत हाच असे.

"काय फासतायत गं ते?" एडनामावशीने विचारलं. मावशी म्हणजे नात्याने कुणी नव्हे. लॉर्नाच्या आईची गिरणीतल्या ऑफिसातली जुनी मैत्रीण, आता पंच्याऐंशीच्या घरातली, आणि कपबशा पुसण्याचं काम कुणालाही न देणारी.

"माझ्या दुकानातलं मलम," लॉर्ना म्हणाली. तिचं बाजारपेठेत बायकांचे केस कापायचं, रंगवायचं दुकान होतं. "केसांचा रंग उडवायचं."

"विचारून नेलं?"

"क्लाइव्ह कधी विचारतो का, मावशी?"

मावशीने एक कप उजेडात धरून बघितला. "जुनं आवडतं म्हणतात आणि सुरकुती दिसली की घासून काढतात. आमच्या ह्यांचं तसंच होतं. फक्त ते माझ्याकडे बघून म्हणायचे."

क्लाइव्ह लॉर्नाचा मोठा भाऊ. धंदा घरं विकण्याचा. आठवडाभर तो लोकांना दमट तळघर 'थंड हवेची खोली' म्हणून दाखवायचा आणि शनिवार-रविवार साधेपणाचा प्रचार करायचा. हॉलच्या दारावर त्याने कापडी फलक लावला होता: 'साधी यंत्रं, सुखी घरं'. त्याच्या घराचा वरचा सगळा मजला जुन्या कॉम्प्युटरांनी भरलेला होता. बायको साउथपोर्टला बहिणीकडे राहायला गेली त्याला बरेच दिवस झाले. ती परत का येत नाही, हे मात्र त्याने कुठल्या यंत्राला विचारलं नव्हतं.

जुन्या कॉम्प्युटरांच्या या हौशी मंडळात अर्थातच दोन पंथ होते. एक पंथ जुन्या यंत्राला मागून नव्या काळातली चिमुकली कार्डं लावायचा. हजार खेळ त्या नखाएवढ्या कार्डात. दुसऱ्या पंथाला तो शुद्ध विटाळ वाटायचा. त्यांच्या मते प्रोग्रॅम कॅसेटवरूनच चढवायचा, किर्रर्र आवाज ऐकत, दहा मिनिटं श्वास रोखून. या सोवळ्या पंथाचे मुख्य म्हणजे मिस्टर पिकप. उंच, वाळकं लाकूड, खिशात तीन पेनं. नवा कपॅसिटर, म्हणजे आतला वीज साठवणारा बारकासा भाग, बसवलेल्या यंत्राला ते हातही लावत नसत. दोन्ही पंथ एकमेकांशी चहापुरतं बोलत. चॅपलमध्ये एके काळी बाप्तिस्म्याच्या पाण्यावरून भांडणं झाली होती, ती बरी, असं लॉर्नाला वाटायचं. निदान त्यात स्वर्गाचा प्रश्न होता.

तिच्यापुढचा प्रश्न स्वर्गाचा नव्हता, उद्याचा होता.

तिची आई नेली फेब्रुवारीत गेली. उद्या, रविवारी, तिच्या आठवणीसाठी खास उपासना होती. पाळकबाई ग्विनेथ पॅरी या गावात नवीनच आलेल्या, वेल्सकडच्या. पंधरवड्यापूर्वी त्या दुकानात केस कापायला बसल्या असताना आरशातूनच म्हणाल्या होत्या, "लॉर्नाबाई, आईंच्या आवडीचं स्तोत्र तुम्ही वाचा. शेवटची तीन वर्षं तुम्हीच केलंत ना त्यांचं सगळं." लॉर्नाच्या हातातली कात्री तिथेच थांबली. "कळवते," एवढंच ती म्हणाली. पाळकबाई नवीन होत्या. लॉर्ना ऑर्मरॉड मोठ्याने वाचत नाही, हे गावात इतर सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याला कारण एक दीपस्तंभ होता.

क्लाइव्ह बारा वर्षांचा आणि ती दहाची असताना बाबांनी नाताळात 'हेरन' नावाचा कॉम्प्युटर आणला. टीव्हीला जोडायचा, छोटासा. तेव्हा प्रोग्रॅम मासिकांत छापून यायचे, पानंच्या पानं, ओळींमागून ओळी, नुसते आकडे आणि खुणा. ते हाताने बडवायचे. हे काम एकट्याचं नव्हे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बटणं दाबायची. वाचणार लॉर्ना, दाबणार क्लाइव्ह, हे कुणी न ठरवता ठरलं होतं. तो तिला कीबोर्डला बोट लावू देत नसे. क्लाइव्ह आजही भाषणात म्हणे, "ही यंत्रं आपली मित्र होती." होती खरी. पण कुणाची, ते तो सांगत नसे.

त्या वेळच्या प्रोग्रॅमात खडकावर एक दीपस्तंभ उमटायचा आणि त्याचा झोत फिरायचा. लॉर्नाने शनिवार दुपार आणि चॅपलमधली रविवारची धर्मशिक्षणाची शाळा सुटल्यावरची सगळी दुपार वाचलं. ओळीखाली फूटपट्टी धरून, घसा बसेपर्यंत. शेवटी क्लाइव्हने प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर दीपस्तंभ आडवा झालेला, दिवा समुद्रात बुडालेला आणि झोत खालून माशांना दाखवावा तसा फिरणारा.

"तू ओळ खाल्लीस," क्लाइव्ह म्हणाला.

"नाही खाल्ली."

"मग हे काय?"

आई इस्त्री हातात घेऊनच आली. पडद्याकडे बघून हसायला लागली, मग बाबा हसले, शेजारची मुलं बोलावून आणली गेली. आई म्हणाली, "वाचणं तुझं काम नाही गं बाळ. आपली क्लाइव्हला चहा नेऊन दे." तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर लॉर्ना भांडली असती.

मे महिन्यात रविवारच्या शाळेचा वार्षिकोत्सव असे. पोरं नवे कपडे घालून व्यासपीठावर चढत आणि पाठ केलेलं म्हणत. त्या वर्षी मोठं वाचन लॉर्नाला मिळालं होतं, पांढरा फ्रॉकही शिवून झाला होता. आईने शाळेच्या प्रमुखांना निरोप धाडला, की आमची लॉर्ना ओळी खाते, क्लाइव्हला द्या. क्लाइव्हने वाचलं. लॉर्ना पांढरा फ्रॉक घालून दुसऱ्या बाकावर बसली.

तेव्हापासून त्या घरात जे काही बिघडे, ते 'लॉर्नाचा दीपस्तंभ'. केक मधे बसला, लॉर्नाचा दीपस्तंभ. भिंतीवरचा कागद वाकडा चिकटला, लॉर्नाचा दीपस्तंभ. पुढे हा शब्द घराबाहेर पडला, आणि एकदा तिच्याच दुकानात एक परकी बाई वाकडा भांग बघून सहज म्हणाली, "हा तर लॉर्नाचा दीपस्तंभ झाला." ती लॉर्ना कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. लॉर्नाने भांग सरळ करून दिला.

ती रोज पहाटे चहाच्याही आधी बायबल उघडायची. त्यात खंड नव्हता, तापातसुद्धा. पण ओठ मिटून वाचायची. देवाला ऐकू येतं, असं तिने स्वतःला समजावलं होतं. देवापुरतं ते खरंही होतं.

क्लाइव्ह स्वयंपाकघरात आला, बोटांना मलम, गळ्यात फोन लोंबतोय. नव्या फोनांनी माणसाला गुलाम केलं, हे सांगणाऱ्या चित्रफिती तो दर तासाला त्याच फोनवरून जगाला पाठवत होता.

"उद्याचं मी बघतो हं," तो म्हणाला आणि ताटलीतला पार्किनचा, म्हणजे आल्याच्या केकचा, तुकडा उचलून तोंडात टाकला. "पाळकबाईंशी बोलेन. स्तोत्र मी वाचेन. आधी दोन शब्द. दीपस्तंभाचा किस्सा सांगतो, लोक हसतील. आईला तो फार आवडायचा."

लॉर्नाने चमचा खाली ठेवला. "आईच्या उपासनेत?"

"मग? हसत निरोप द्यावा माणसाला."

"मी वाचेन म्हणते," लॉर्ना म्हणाली.

क्लाइव्हने चावणं थांबवलं. तो चिडला नाही. हप्ते न परवडणारं घर मागायला आलेल्या जोडप्याकडे बघावं, तसं त्याने तिच्याकडे बघितलं. "अगं, पाळकबाई नवीन आहेत, त्यांना काय माहीत. भरल्या चॅपलमध्ये तू मधेच अडकलीस तर? मला तुझीच काळजी."

"एवढी काळजी आहे तर तिचं मलम परत कर," एडनामावशी हातातल्या कपाला सांगावं तसं बोलली.

क्लाइव्हला तेवढ्यात कल्पना सुचली. कल्पना सुचली की तो बोटं चोळत असे. "असं करू. दुपारच्या कार्यक्रमात मी तो दीपस्तंभच करून दाखवणार आहे. तेच मासिक मिळालंय मला, तोच हेरन. कुणीतरी वाचायला हवंच आहे. तू वाच. सगळ्यांसमोर, जसं घडलं तसं. ओळ न खाता वाचलीस आणि दीपस्तंभ उभा राहिला, तर उद्या तू वाच. आडवा झाला, तर मी. आणि आडवा झाला तर सगळे हसतील, सोड, त्यात काय मनाला लावून घ्यायचं."

आडवा होणार याची त्याला खात्री होती, आणि मुख्य म्हणजे त्याला तो आडवाच हवा होता. कार्यक्रमात हशा हवा असतो.

लॉर्नाने हात पुसले. "बरं," ती म्हणाली.

दुपारी हॉल भरला. अर्धे मंडळाचे, अर्धे वाटाण्यांसाठी आलेले. पाळकबाई पॅरी मागच्या रांगेत एडनामावशीशेजारी बसल्या. व्यासपीठावर मेजावर हेरन ठेवला होता. मलम लावून इतका पांढरा केला होता, की लॉर्नाला तो ओळखू येईना. त्यांच्या घरचा हेरन बाबांच्या सिगारेटींनी पहिल्याच वर्षी चहाच्या रंगाचा झाला होता. शेजारी जाड पोटाचा टीव्ही होता, सगळ्यांना दिसेल असा.

क्लाइव्हने बटण दाबलं. लगेच निळ्या पडद्यावर एक चौकोन लुकलुकू लागला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "तयार. पासवर्ड नाही, जाहिरात नाही, तुमच्या संमतीची भीक नाही. साधा मित्र. हाक मारली की हजर. आजच्या पोरांना हे कळायचं नाही. ती वापरतात. आम्ही घडवायचो. एकेक अक्षर, या बोटांनी."

ती बोटं त्याने वर करून दाखवली. लॉर्नाच्या मनात आलं, की या बोटांनी त्या वर्षानंतर एक ओळ तरी बडवली आहे का? एवढी यंत्रं त्याने विकत आणली, घासली, मांडली, त्यांचे फोटो काढले. त्यांपैकी एकावरही त्याला काही लिहिताना तिने पाहिलं नव्हतं. देवघर भरलेलं आणि घरात कुणी नमस्कार करणारं नाही, असली भक्ती.

मग त्याने किस्सा सांगितला. इस्त्री, शेजारची मुलं, बुडालेला दिवा, सगळं. लोक हसले. लॉर्ना बाजूला खुर्चीत मासिक मांडीवर घेऊन बसली होती. फूटपट्टी तिने दुकानातून आणली होती.

"आणि ही आमची लॉर्ना," क्लाइव्ह म्हणाला. "त्या दुर्घटनेची मुख्य आरोपी. बघू या, इतक्या वर्षांत पोट भरलंय का तिचं."

पुढच्या रांगेत मिस्टर पिकप बसले होते. त्यांच्याकडे त्याच मासिकाची स्वतःची प्रत होती, प्लॅस्टिकच्या पिशवीतली, आणि ती उघडायला त्यांनी पातळ हातमोजे घातले. क्लाइव्हच्या हेरनमध्ये नवा कपॅसिटर आहे, असा त्यांना संशय होता. त्यामुळे आज ते करमणुकीला आले नव्हते, तपासणीला आले होते.

लॉर्नाने पहिली ओळ वाचली. आवाज इतका बारीक निघाला, की मागून कुणीतरी "मोठ्याने, बाई" म्हणालं. ती थांबली. फूटपट्टी सरळ केली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि या वेळी आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. तिलाच तो ओळखीचा वाटला नाही. आईच्या आवाजाच्या जवळचा होता.

"एक, ओ, पाच, स्वल्पविराम. दोन, चार, ओ, स्वल्पविराम. ओ, स्वल्पविराम. सहा, ओ."

इंग्रज माणूस आकडे वाचताना शून्याला शून्य म्हणत नाही, ओ म्हणतो. टेलिफोनचा नंबर असो, बसचा असो, चॅपलमधल्या गीताचा असो, मधला भोपळा हा ओच. लॉर्ना तसंच वाचत होती, दहाव्या वर्षी वाचलं होतं तसंच. क्लाइव्ह बटणं दाबत होता, पण डोळे लोकांकडे. मधेच तो थांबून विचारायचा, "काय, खाल्लीस का एखादी?" लोक हसायचे. ती हसू संपेपर्यंत थांबायची आणि त्याच ओळीपासून पुढे वाचायची. पान उलटलं. दुसरं संपलं. तिने एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. शेवटची खूण वाचून तिने मासिक मिटलं.

"चला," क्लाइव्ह म्हणाला. "वर्षांमागून वर्षं गेली, समुद्र तोच." त्याने प्रोग्रॅम चालवला.

पडद्यावर खडक उमटला. मग पांढऱ्या रेषा वर चढायला लागल्या, आणि मधेच एखादी म्हातारी पाय घसरून पडावी तशा आडव्या झाल्या. दिवा पाण्यात गेला. झोत माशांकडे फिरू लागला.

हॉलमध्ये जो हशा पिकला तो क्लाइव्हच्या अपेक्षेहून मोठा होता. त्याने दोन्ही हात पसरले. "मंडळी, मी काही बोलत नाही. पुरावा तुमच्यासमोर आहे. लॉर्नाचा दीपस्तंभ."

लॉर्ना हसणाऱ्या चेहऱ्यांकडे बघत होती. आपण ओळ खाल्ली नाही, हे तिला नक्की माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असून काही उपयोग नसतो, ही गोष्ट तिला दहाव्या वर्षीच कळली होती. आता उद्याचं तेवढं गेलं, हे तिच्या मनात आलं, आणि आईसाठी उभं राहायला मिळणार नाही, हेही.

"एक मिनिट," मिस्टर पिकप म्हणाले.

ते उभे राहिले. हातमोजे घातलेलं बोट त्यांनी आपल्या मासिकावर ठेवलं होतं. "बाईंनी एक स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही. मी ओळ न ओळ ताडून बघितली."

"मग तुमचं मासिक चुकीचं," क्लाइव्ह म्हणाला.

"मासिक बरोबर आहे. चुकीचे तुम्ही आहात." त्यांच्या आवाजात लॉर्नाबद्दल काही माया नव्हती. क्लाइव्हबद्दल तुच्छता मात्र मनापासूनची होती. "प्रोग्रॅम परत पडद्यावर आणा. बघा. हेरनच्या शून्याच्या पोटात तिरकी रेघ असते. तुमच्या ओळींत एकाच्याही पोटात रेघ नाही. तुम्ही आकडा दाबलाच नाहीत. तुम्ही सगळीकडे ओ हे अक्षर दाबलंत, वर्णमालेतलं. हेरनला स्वतःला काही अक्कल नाही. आकड्यात अक्षर आलं की तो तक्रार करत नाही, त्याला जमेल तसं घेतो आणि पुढे जातो."

"मित्र ना तो," एडनामावशी मागून म्हणाली. "तोंडावर कसं सांगेल."

पडद्यावर ओळी आल्या. सगळा हॉल मान लांब करून बघू लागला. गुळगुळीत, गोल, रिकाम्या पोटाचे ओ, रांगेने.

क्लाइव्हचे कान लाल झाले. "ती ओ म्हणाली. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. तिने ओ म्हटलं, मी ओ दाबला."

"मग काय म्हणणार ती?" वाटाण्यांसाठी आलेला एक गृहस्थ म्हणाला. "माझ्या टेलिफोनात तीन ओ आहेत. आजवर कुणी त्यांना अक्षर समजलं नाही."

"नेमकं बोलायला हवं होतं तिने. यंत्राशी बोलताना नेमकं बोलावं लागतं."

"यंत्राशी ती नव्हती बोलत," मिस्टर पिकप म्हणाले. "तुमच्याशी बोलत होती." आणि ते खाली बसून हातमोजे काढू लागले. त्यांच्या दृष्टीने तपासणी संपली होती.

तेवढ्यात एडनामावशी काठी टेकत पुढे आली. पडद्याजवळ नाक नेऊन तिने एक ओळ वाचली. "अगं बाई. हे तर नेलीचं टायपिंग."

"म्हणजे?" लॉर्नाने विचारलं.

"आमच्या गिरणीतल्या जुन्या टाइपरायटरला शून्याचं बटणच नव्हतं. आम्ही सगळ्याजणी ओ मारायचो. मालकाचं सगळं नफ्यातोट्याचं ओ-वरच चालायचं. नेलीने तेच जुनं मशीन घरी आणलं होतं, आठवतं? त्यावर ह्याला टायपिंग शिकवलं. मोठा साहेब होणार म्हणून." तिने क्लाइव्हकडे नखशिखान्त बघितलं. "तुला नाही शिकवलं, लॉर्ना. तू चहा नेत होतीस."

चूक आईने शिकवली, चूक भावाने केली आणि निकाल दोघांनी मिळून दिला. दीपस्तंभ तेवढा लॉर्नाच्या नावावर. मनात काहीतरी मोठं उसळून येईल असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात जे आलं ते अगदी लहान आणि कोरडं होतं. भाऊ पन्नाशीपार आला, एवढी यंत्रं उजळली, आणि एका बटणाकडे खाली मान घालून बघणं त्याला जमलं नाही. एवढ्याशा माणसाला आपण इतकी वर्षं घाबरलो, याचीच तिला लाज वाटली.

क्लाइव्ह मात्र गडबडणारा गडी नव्हता. घरात वाळवी निघाली तर तो तिला 'जुन्या लाकडाची खूण' म्हणून विकत असे. त्याने घसा खाकरला. "आणि मंडळी, हेच तर सौंदर्य आहे," तो म्हणाला. "या साध्या यंत्रांत चूक सापडते. स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येते. आजच्या फोनात जमेल?" मग तो एकेक ओ खोडून शून्य घालत बसला. त्याला वेळ लागत होता. दोनदा मिस्टर पिकपांनी बसल्या जागेवरून "तोही" असं म्हटलं. शेवटी दीपस्तंभ उभा राहिला, सरळ, बारीक, आणि झोत खडकावरून हॉलभर फिरला. टाळ्या पडल्या. क्लाइव्हने त्या घेतल्या, झुकून, छातीवर हात ठेवून. त्याने फोन काढून स्वतःचा आणि दीपस्तंभाचा एकत्र फोटो काढला.

लॉर्ना व्यासपीठावरून उतरून पाळकबाईंपाशी गेली. "उद्या मी वाचते," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," पाळकबाई म्हणाल्या. "इथे मागच्या रांगेतही शेवटपर्यंत ऐकू येत होतं."

क्लाइव्ह मीट-पायची ताटली घेऊन मागून आलाच. "हो हो, वाच ना. मीच म्हटलं होतं." आणि आवाज खाली करून, "किस्सा मात्र मी सांगेन हं. आता तर त्याला शेवटही चांगला मिळालाय. आधी माझं बोलणं, मग तुझं."

"नाही," लॉर्ना म्हणाली.

"अगं, विनोद म्हणून."

"विनोद तू आजच केलास. सगळ्यांनी बघितला." ती तितक्याच हळू आवाजात बोलली, गिऱ्हाइकाला डोकं थोडं खाली घ्या म्हणते तसं. "आणि माझं मलम सोमवारी दुकानात आणून दे. अर्धं नको. नवं."

मावशीने त्याच्या ताटलीत आणखी एक चमचा वाटाणे वाढले, न मागता.

रविवारी चॅपलमध्ये ऊन होतं. आदल्या दिवशी हिरवळीवर इतक्यांनी मागितलेलं ऊन आज आलं होतं, कुणाला नको असताना. क्लाइव्ह पहिल्या बाकावर गडद सूट घालून बसला होता. लॉर्ना दोन पायऱ्या चढून उभी राहिली. फूटपट्टी तिने आणली नव्हती. स्तोत्र लहानसं होतं. आईला शेवटच्या महिन्यांत तेच रोज लागायचं, आणि लॉर्ना ते पलंगाशी बसून ओठ मिटून वाचायची. आई विचारायची, "वाचलंस का?" ती म्हणायची, "वाचलं." आई म्हणायची, "मला नाही ऐकू आलं." लॉर्नाला वाटायचं, कान गेले तिचे.

तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कुठलीही ओळ तिच्या पोटात गेली नाही.

वॉटरशॉच्या चॅपलची जुनी रीत अशी, की ज्याने वाचलं त्यानेच पुढच्या गीताचा क्रमांक सांगायचा. लॉर्नाने गीतांचे क्रमांक लावलेल्या फळीवरचा आकडा बघितला. मग सगळ्या चॅपलवरून नजर फिरवून ती भावावर आणली, आणि तिथेच ठेवून म्हणाली,

"गीत क्रमांक एक, ओ, चार."

पानं सळसळली. मिस्टर पिकपांनी चष्मा पुसून पान काढलं, एडनामावशीने बोट थुंकीने ओलं करून काढलं, वाटाण्यांच्या गृहस्थाने शेजारणीला दाखवलं. ऑर्गन सुरू झाला तेव्हा साऱ्या चॅपलमध्ये एकही माणूस चुकीच्या पानावर नव्हता. क्लाइव्हसुद्धा नाही.